पाण्याची नाडी

ज्याला बोलता येते त्या रोग्याचे निदान तुलनेने सोपे असते, कारण अर्धे काम तो स्वतःच करतो. कोठे दुखते, केव्हापासून दुखते, काल काय खाल्ले होते, एवढे विचारले की वैद्याला वाट सापडू लागते. तान्हे मूल, गोठ्यातली गाय आणि शेतातले झाड यांची गोष्ट निराळी. आपल्या जुन्या वैद्यकाने रोगपरीक्षेची तीन साधने सांगितली आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. यांतले तिसरे साधन काढून घेतले की भल्याभल्यांची विद्या लंगडी पडते. मग उरते ते पाहणे आणि हात लावणे. पण रोगी पाण्यात राहणारा असेल, त्याला डोळे नसतील, नाडी नसेल, तोंडे मात्र शेकडो असतील, आणि हात लावताच तो आक्रसून घेत असेल, तर पहिली दोन साधनेही जेमतेमच चालतात. अशा एका रोग्याच्या शुश्रूषेत आमचा गेला वैशाख गेला. त्या निमित्ताने जे दिसले आणि जे सुचले, ते येथे मांडतो.

देडतलाई हे बुऱ्हाणपूर जिल्ह्याच्या कडेचे गाव. बुऱ्हाणपूरहून धारणीकडे निघालेला रस्ता येथून जातो आणि पुढे महाराष्ट्राची हद्द व मेळघाटचे डोंगर लागतात. समुद्राशी या मुलुखाचे नाते एवढेच, की मुलताईला उगम पावलेली तापी या जिल्ह्यातून वाहत जाते आणि सुमारे ७२४ किलोमीटरांचा प्रवास संपवून सुरतेजवळ समुद्राला मिळते. आमच्या भागातले पाणी ती समुद्राला पोहोचवते. समुद्राचे पाणी आमच्याकडे आणण्याची सोय मात्र निसर्गाने केलेली नाही. ते आम्हांला घरीच तयार करावे लागते.

घरात समुद्र तयार करणे हा शब्दप्रयोग अतिशयोक्तीचा वाटेल. पण दोनशे लिटरांच्या काचेच्या टाकीत आम्ही करतो ते शब्दशः तेच. आमच्याकडील काळ्या खडकातल्या विहिरींचे पाणी जड. त्या पाण्यात डाळ शिजायला वेळ लागतो, आणि भांड्याच्या तळाशी पांढरा थर बसतो हे घरातल्या स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून आधी ते पाणी शुद्धीकरणाच्या यंत्रातून काढून निःक्षार करावयाचे आणि मग त्यात समुद्राचे क्षार पुन्हा मोजून घालावयाचे. दर किलो समुद्रजलात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात. त्या हिशेबाने दोनशे लिटरांना सात किलो. हे क्षार म्हणजे स्वयंपाकघरातले मीठ नव्हे. त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम आणि पाण्याचा आम्लपणा मारणारी कार्बोनेटे ठरावीक प्रमाणात असावी लागतात. पाहुणे हसतात, की तुम्ही आधी मीठ काढता आणि मग मीठ घालता. पण काढतो ते आमच्या विहिरीचे आणि घालतो ते समुद्राचे, हा फरक आत राहणाऱ्यांना कळतो.

त्या टाकीत राहणाऱ्यांपैकी एक आमचा रोगी. त्याचे शास्त्रीय नाव सार्कोफायटन. या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘मांसाचे झाड’ असा होतो आणि तो अगदी योग्य आहे. हाताला चामड्यासारखा लागतो म्हणून आम्ही त्याला चामडी प्रवाळ म्हणतो. एक जाड बुंधा आणि त्यावर घडी पडलेली रुंद छत्री, असे त्याचे रूप. गावातली मुले त्याला ‘कुत्र्याची छत्री’ म्हणतात, आणि पावसाळ्यात उकिरड्यावर उगवणाऱ्या अळंबीशी त्याचे साम्य पाहता त्यांचे चुकते असे म्हणवत नाही. परंतु हे झाड नव्हे, अळंबीही नव्हे. हा प्राणी आहे. किंबहुना शेकडो प्राण्यांचे एकत्र कुटुंब आहे. छत्रीच्या पृष्ठभागावर गव्हाच्या लोंबीतल्या कुसळांसारखे जे बारीक तंतू डोलताना दिसतात, तो प्रत्येक तंतू म्हणजे एक जीव. त्याला आठ भुजा असतात आणि प्रत्येक भुजा पिसासारखी झालरदार असते. यांशिवाय भुजा नसलेले, नुसत्या छिद्रांसारखे दिसणारे दुसरे सदस्य असतात. त्यांचे काम पाणी आत ओढून सगळ्या कुटुंबाचे मांस फुगते ठेवण्याचे. मांसात एक शेवाळवर्गीय सूक्ष्म वनस्पती वस्तीला असते. ती उजेडावर अन्न शिजवते आणि त्यातले पुष्कळसे घरमालकाला देते. हाडांचा सांगाडा नाही. मांसात चुन्याच्या बारीक सुया तेवढ्या विखुरलेल्या असतात.

प्रवाळ म्हटले की आपल्या घरांत पोवळे आठवते. मंगळाची अंगठी, माळेतले लाल मणी, औषधाच्या कपाटातली प्रवाळपिष्टी. पोवळ्याचे लाल रत्न प्रामुख्याने भूमध्य समुद्रातून येत असे, आणि तो ज्या जीवाचा सांगाडा, तो जीवही आठ भुजांचाच. म्हणजे आजीच्या गळ्यातले पोवळे आणि आमच्या टाकीतली ही छत्री नात्याने दूरची भावंडे लागतात. अंगातली जळजळ शमावी म्हणून ज्या कुळाचे चूर्ण आपण मधातून चाटत आलो, त्याच कुळातल्या एका जीवाला औषध देण्याची वेळ आमच्यावर आली, ही गंमत आम्हांला त्या काळजीच्या दिवसांतही जाणवत होती.

हा जीव समुद्रातून ओरबाडून आणलेला नव्हे, हेही सांगितले पाहिजे. आपल्या देशात २००१ सालापासून सगळे खडक बांधणारे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, बासरीसारख्या नळ्यांचे प्रवाळ आणि समुद्रपंखे यांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे. त्यांना वाघाइतकेच संरक्षण आहे आणि ते घरात ठेवण्याचा विचारही करू नये. आमच्या छत्रीचा तुकडा मुंबईच्या एका स्नेह्यांनी आपल्या टाकीत वाढवलेल्या मूळ प्रवाळापासून कापून दिला. रात्रीच्या गाडीने, बर्फाविना रिकाम्या ठेवलेल्या थर्माकोलच्या पेटीतून तो भुसावळमार्गे बुऱ्हाणपूरला उतरला आणि तेथून मोटारीने देडतलाईस आला. तेव्हा तो आवळ्याएवढा होता. तीन वर्षांत त्याची छत्री फुलक्याएवढी झाली.

या प्राण्याची एक सवय नवख्याला घाबरवते. अधूनमधून तो सगळे तंतू आत ओढून घेतो, गुळगुळीत होतो आणि मेणचट दिसू लागतो. दोन दिवस, चार दिवस, कधी दोन आठवडेही तो असाच मिटून बसतो. मग अंगावरचा एक पातळ पापुद्रा सुटतो, प्रवाहात वाहून जातो आणि आतून पूर्वीपेक्षा तजेलदार छत्री उमलते. पृष्ठभागावर बसलेली घाण आणि शेवाळ झटकून टाकण्याची ही त्याची रीत. साप कात टाकतो तसेच हे. एका कार्तिकात त्याने असेच नऊ दिवस मौन धरले होते. घरातल्या काकू त्या वेळी म्हणाल्या होत्या, “अहो, निजले आहे ते. उठवू नका.” त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून होते. मिटलेल्या प्रवाळाला औषधे पाजण्याइतके अपायकारक दुसरे काही नाही. पुष्कळ दुखणी ही दुखणी नसतात. ती देहाची कामे असतात, आणि देह काम करीत असताना त्याच्या वाटेतून बाजूला होणे हीच शुश्रूषा ठरते.

म्हणून वैशाखात छत्री पुन्हा मिटली तेव्हा पहिले काही दिवस आम्ही निश्चिंत होतो. पण या मिटण्याची लक्षणे निराळी निघाली. पापुद्र्याची मेणचट चमक दिसेना. बुंधा, जो कात टाकतानाही ताठ असतो, तो एका अंगाला कलला. मूळचा बदामी रंग करडेपणाकडे झुकू लागला. दहाव्या दिवशी काचेच्या नळीने त्याच्या अंगावर पाण्याची हलकी धार सोडली. निरोगी प्रवाळ अशा धारेने आणखी आक्रसतो. हा जागचा हललाही नाही. दर्शन आणि स्पर्शन या दोन्ही साधनांनी एकच उत्तर दिले: ही निद्रा नव्हे, हे दुखणे आहे. आता उरला प्रश्न. रोग्याला विचारण्याची सोय नव्हती. म्हणून आम्ही तो पाण्याला विचारला.

पाण्याला विचारण्याचे क्रम ठरलेले आहेत. पहिला प्रश्न उष्णतेचा. वैशाखातली निमाडची दुपार ज्यांनी भोगली आहे त्यांना हा प्रश्न पहिला का, हे सांगायला नको. बाहेर पारा चव्वेचाळीसवर आणि वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. या प्राण्याला पंचवीस ते सत्तावीस अंश मानवतात. टाकीच्या तोंडावर पंखा लावला की पाण्याची वाफ होते आणि माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते त्याच न्यायाने टाकीचे पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. त्या आठवड्यात तापमापक दुपारी अठ्ठावीस दाखवीत होता. थोडे जास्त, पण प्राण घेणारे नव्हे.

पंख्याचा उपाय दुसरा प्रश्न निर्माण करतो. वाफ होते ती पाण्याची. क्षार मागेच राहतात. दिवसाला चार-पाच लिटर पाणी उडाले की उरलेला समुद्र तेवढा अधिक खारट होतो, म्हणून रोज तितकेच निःक्षार पाणी वरून घालावे लागते. अपवर्तनमापकाच्या काचेवर थेंब ठेवून पाहिले. क्षारता पस्तीस. निर्दोष. तिसरा प्रश्न कार्बोनेटांचा. परीक्षानळीत थेंब मोजून टाकीत गेलो आणि रंग जेथे पालटावयास हवा तेथेच पालटला. चौथा प्रश्न नत्राचा, पाचवा फॉस्फेटाचा. दोन्हींची उत्तरे समाधानकारक होती. पाण्याने पाचही प्रश्नांना सरळ उत्तरे दिली आणि आमचे कोडे जेथल्या तेथे राहिले.

तेव्हा शेजाऱ्यांकडे संशय वळला. मऊ प्रवाळ हे दिसायला निरुपद्रवी असले, तरी आपल्या जागेवर दुसऱ्याने आक्रमण करू नये म्हणून पाण्यात उग्र रसायने सोडतात. त्यांचे शीतयुद्ध अहोरात्र चालू असते. त्यावर उतारा म्हणजे कोळसा. सक्रिय कोळशाची पुरचुंडी पाण्याच्या वाटेत ठेवली की ही विषे तो शोषून घेतो. तसे केले, दोन दिवस वाट पाहिली, फरक नाही. मग रात्री. प्रवाळाचे मांस कुरतडणारे काही गोगलगाईच्या जातीचे आणि चपट्या कृमींच्या जातीचे जीव दिवसा खडकाआड दडतात. त्यांना लाल उजेड फारसा कळत नाही, म्हणून विजेरीला लाल कागद बांधून मध्यरात्रीनंतर टाकीपुढे बसलो. दोन रात्री काढल्या. चोर सापडला नाही.

एका नामांकित दुकानदाराला दूरध्वनी केला, तर त्याने प्रश्न एकही विचारला नाही आणि तीन बाटल्यांची नावे सांगितली. त्यांत एक प्रतिजैविक होते. समुद्राची टाकी स्वच्छ राहते ती खडकांच्या छिद्रांत राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंच्या जिवावर. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया तेच पचवतात. सगळ्या टाकीत प्रतिजैविक ओतणे म्हणजे एका रोग्यासाठी गावाची विहीर नासवणे. त्या बाटल्या आम्ही मागवल्या नाहीत.

निदानाची किल्ली मिळाली ती अगदी निराळ्या विद्येच्या माणसाकडून. आमच्याकडे केळीच्या बागेत काम केलेले एक वयस्क गृहस्थ येत असतात. बुऱ्हाणपूर जिल्ह्यात केळी पाहण्याची विद्या मोठी. केळीला बी नाही. एका बुंध्याचे पिलू दुसरीकडे लावायचे आणि बाग वाढवायची. त्यामुळे सगळी बाग म्हणजे एकाच झाडाच्या आवृत्त्या, आणि रोग आला तर सगळ्यांवर सारखाच. मावा किडीने पसरणारा हरण्या रोग एकदा शिरला की त्यावर औषध नाही; रोगट झाड ओळखून मुळासकट उपटणे एवढाच इलाज. म्हणून येथला जुना माणूस पान पिवळे दिसताच फवाऱ्याकडे धावत नाही. हे गृहस्थ टाकीपुढे उकिडवे बसले, बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, “भाऊसाहेब, वरची पाने काय पाहता? बुंधा जमिनीला लागतो तेथे पाहा. पाणी तुंबले की कांदा तेथून सडतो.”

आम्ही दगड उचलून पाहिला. बुंध्याच्या मागच्या अंगाला, जेथे तो दगडाला चिकटला होता आणि समोरून जे कधी दिसत नव्हते, तेथे रुपयाएवढा काळपट डाग होता. त्याच्याभोवती मऊ गाळ साचला होता. डागाला नाकाजवळ नेताच कुजक्या अंड्यासारखा वास आला. प्रवाळाला स्वतःचा एक उग्र वास असतो, पण हा तो नव्हे. ही सड होती, आणि ती बुंध्यातून वर चढत होती.

पण सड का लागावी? पाण्याची पाचही उत्तरे शुद्ध होती. उत्तर पाण्यात काय आहे यात नव्हते. पाणी काय करीत आहे यात होते. समुद्रातला प्रवाळ लाटांत राहतो. त्याचा श्वास, त्याचे अन्न, त्याचा मळ आणि त्याची कात या चारांचीही वाहतूक प्रवाहावर चालते. टाकीत ते काम एक लहानसा पंप करतो. त्याचा आवाज नेहमीसारखा होता, दिवा नेहमीसारखा होता; त्यामुळे त्याच्यावर संशय घेण्यास कारण नव्हते. उघडून पाहिले तेव्हा फिरकीवर आणि तिच्या दांडीवर पांढरा कठीण थर चढलेला. क्षारयुक्त पाण्यातला चुना उष्ण पृष्ठभागावर बसतो, हा पदार्थविज्ञानाचा साधा नियम आहे. पंप जितका तापतो तितका थर वाढतो आणि उन्हाळ्यात ही गती वाढते. फिरकी फिरत होती. पण पाणी निम्मेच ढकलत होती. टाकीच्या वरच्या भागात पाणी हलत होते, आणि तपासणीचे थेंब आम्ही वरूनच घेत होतो. खाली, दगडाच्या आडोशाला, पाणी उभे राहिले होते. उभ्या पाण्यात गाळ बसला, गाळात प्राणवायू संपला, आणि सडवणाऱ्या जंतूंना घर मिळाले.

बुऱ्हाणपूरच्या माणसाला ही गोष्ट नवी वाटू नये. तेथला कुंडी भंडारा हा १६१५ सालचा, खानखानाच्या काळातला. सातपुड्याच्या पायथ्याचे झिरपणारे पाणी एकामागून एक कुंड्यांमधून आणि भुयारातून केवळ उताराच्या बळावर शहरापर्यंत नेण्याची ती इराणी धर्तीची व्यवस्था. पंप नाही, यंत्र नाही, तरी शतकानुशतके शहर त्यावर जगले. त्या भुयाराच्या भिंतींवरही क्षारांचे पांढरे थर चढत गेले आहेत आणि त्यांनी वाट अरुंद केली आहे. पाणी आजही गोड आहे. प्रश्न त्याच्या वाहण्याचा आहे. चारशे वर्षांच्या भुयाराला आणि चार इंचांच्या पंपाला एकच दुखणे व्हावे, याचे आम्हांला नवल वाटले आणि थोडा धीरही आला. कारण ओळख पटलेल्या शत्रूची भीती निम्मी होते.

पंप रात्रभर व्हिनेगारच्या पाण्यात भिजत घातला. सकाळी थर पिठासारखा निघून आला. प्रवाह पूर्ववत झाला. तीस लिटर पाणी त्याच तापमानाच्या, त्याच क्षारतेच्या ताज्या पाण्याने बदलले. कारण दूर झाले. परंतु झालेली सड आपोआप परतणार नव्हती. आता कापावे की न कापावे, यावर घरात दोन दिवस वाद चालला. काकूंचे म्हणणे असे, की जीव आधीच अर्धा झाला आहे. त्याला जरा अंग धरू द्या, मग सुरी लावा. आमचे म्हणणे असे, की सड रोज गव्हाभर वर चढते आहे. ती छत्रीला पोहोचली तर कापायलाही काही उरणार नाही. काकूंच्या म्हणण्यात माया होती आणि अनुभवही होता. माणसांच्या दुखण्यात त्यांचे अंदाज सहसा खरे ठरतात. अखेर तिसऱ्या दिवशी त्यांनीच काचेवर लावलेल्या शाईच्या खुणेपाशी येऊन पाहिले, डाग खुणेच्या वर गेलेला दिसला, आणि त्या म्हणाल्या, “कापा. पण नवी पाती घ्या.”

नवी पाती, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा. ही काळजी अनाठायी नव्हे. या प्राण्यांच्या चिकट स्रावात त्वचेला आणि डोळ्यांना अपाय करणारी द्रव्ये असतात. शस्त्रक्रिया टाकीत करावयाची नसते, कारण तो स्राव टाकीत गेला तर इतर रहिवाशांना बाधतो. टाकीचेच पाणी घेतलेल्या परातीत प्रवाळ ठेवला आणि सडीच्या वर बोटभर निरोगी मांस सोडून बुंधा एका झटक्यात आडवा कापला. छेद पांढरा, घट्ट आणि निर्मळ निघाला. तो पाहून सुटकेचा श्वास टाकला; छेदात करडी रेघ दिसली असती तर आणखी वर जावे लागले असते. मग दुसऱ्या भांड्यात टाकीच्या पाण्यात ल्यूगॉलच्या आयोडीनचे थेंब टाकले. रंग फिक्या चहासारखा झाला की पुरे. त्यात दहा मिनिटे ठेवून छत्री धुऊन घेतली. प्रवाळाच्या ओल्या, बुळबुळीत अंगाला गोंद धरत नाही. म्हणून नव्या खडबडीत दगडावर ती बसवून वरून मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा दोऱ्याने अलगद आवळला आणि मध्यम प्रवाहाच्या जागी ठेवली. जुना बुंधा बागेत, लिंबाच्या झाडाखाली पुरला.

त्यानंतर करण्यासारखे काही उरले नाही, आणि हाच शुश्रूषेचा सर्वांत अवघड भाग. पहिल्या आठवड्यात छत्री सुकलेल्या सुपारीसारखी आवळून बसली. आठव्या दिवशी जाळीखाली तिची कड दगडाला धरलेली दिसली. बाराव्या दिवशी जाळी काढली. सतराव्या दिवशी संध्याकाळी कडेच्या एका बोटभर पट्टीत तंतू बाहेर आले. मधला भाग अजून मिटलेला. ज्येष्ठाच्या अखेरीस, पहिला पाऊस पडून हवा उतरल्यावर, सगळी छत्री उमलली. ती पूर्वीएवढी नाही. एका बाजूला छेदाच्या वेळी बसलेली सुरकुती कायम राहिली आहे. पण ती जिवंत आहे.

आंब्याच्या कलमाला आपण नवे झाड म्हणतो आणि त्याला जुन्याच झाडाच्या नावाने ओळखतो. प्रवाळाचेही असेच कलम होते, आणि हीच विद्या आपल्या कोकणात समुद्राच्या तळाशी वापरली गेली आहे. शिवरायांनी १६६४ साली ज्याचा पाया घातला त्या सिंधुदुर्गाच्या भोवती प्रवाळ आहेत. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले, त्याचे एक कारण हेही. २०१० नंतरच्या दशकात तेथे संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या सहकार्याने चाललेल्या प्रकल्पात प्रवाळांचे तुकडे तळावरच्या आधारांवर बसवून वाढवण्याचा प्रयोग झाला. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरांवर, भर समुद्रात, सरखेल कान्होजी आंग्र्यांचे नाव धारण करणारे बुडालेले पठार आहे. तेथेही प्रवाळांची मोठी वस्ती आहे. समुद्रापासून दूर राहणाऱ्या आपणांपैकी अनेकांना किल्ला ठाऊक असतो, सरखेल ठाऊक असतात. त्यांच्या पायाशी काय जगते आहे ते ठाऊक नसते.

तेथल्या रोग्यांचे दुखणे आमच्या रोग्याहून कठीण आहे. उन्हाळ्यातल्या नेहमीच्या कमाल उष्णतेहून अंशभर अधिक उष्णता काही आठवडे टिकली, की प्रवाळ आपल्या मांसातली ती अन्न शिजवणारी वनस्पती बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पांढरा पडलेला प्रवाळ मेलेला नसतो. तो उपाशी असतो. उष्णता वेळेत उतरली तर तो वाचतो. १९९८ साली जगभरच्या समुद्रांत हे मोठ्या प्रमाणावर दिसले, आणि एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगातली अशी चौथी साथ चालू असल्याचे जाहीर केले. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मालवणच्या प्रवाळांवरही पांढरेपणाच्या नोंदी केल्या आहेत. त्यात गाळाची, नौकांच्या नांगरांची आणि हौशी पायांची भर. आम्ही टाकीवर पंखा लावला; अरबी समुद्रावर कोण लावणार? आम्ही तीस लिटर पाणी बदलले. तेथले पाणी बदलता येत नाही. निदान झाले आहे, कारण ठाऊक आहे, आणि तरी सुरी, आयोडीन, जाळी यांपैकी काहीच पुरे पडत नाही, अशी ती अवस्था. कलमांचा प्रयोग स्तुत्य खराच. पण ज्या पाण्यात कलम लावायचे ते पाणीच तापत असेल तर कलमाने किती काळ तग धरावा?

या सगळ्यात आमच्या मनात राहून गेली ती पंपाची गोष्ट. या भागातली आपली घराणी येथे आली त्याला पिढ्या लोटल्या. १७६० च्या उदगीरच्या लढाईनंतर बुऱ्हाणपूर मराठ्यांकडे आले, आणि कारकून, पुजारी, शिलेदार, सावकार अशी माणसे मागोमाग येऊन स्थिरावली. पुढेही येत राहिली. त्यांनीही आपले पाणी येथे घरीच तयार केले. भाषा, व्रते, पंचांग, पुरणपोळी, सगळे प्रमाणात. आजही आमच्या मंडळांचे अहवाल काढून पाहावेत: सभासदसंख्या ठीक, वर्गणी ठीक, गणेशोत्सव यथासांग. थेंब टाकून पाहिले तर रंग जेथे पालटायला हवा तेथेच पालटतो. पण हे थेंब आपण वरूनच घेतो. घरातली नातवंडे आजीशी मराठीत भांडतात की नाही, एखादे मराठी पुस्तक एका घरातून दुसऱ्या घरात जाते की नाही, हे अहवालात येत नाही. आणि पाणी उभे राहिले असेल तर ते तेथेच, दगडाच्या आडोशाला. यावर आमच्यापाशी तयार औषध नाही. पाहण्याची जागा कोणती, एवढे मात्र त्या केळीवाल्या गृहस्थांनी दाखवून दिले आहे.

दर अमावास्येला आता पंप व्हिनेगारमध्ये भिजतो. तो दिवस काकूंनी ठरवून दिला. त्यांच्या पंचांगात तो विसरण्याचा संभव नाही. थर दर वेळी निघतो आणि दर वेळी पुन्हा बसतो, कारण चुन्याचा तो धर्मच आहे. तक्रार करण्यासारखे त्यात काही नाही, काढीत राहावे.